मिग-२५ पाहायला पुणे ते पालम

भोसरीत गेली अठरा वर्षं मी स्टेनलेसच्या टाक्यांचं टिग वेल्डिंग करतो आणि करून घेतो. त्यामुळे मिग-२५ हे आपल्या हवाई दलाचं एकेकाळचं, सोव्हिएत बनावटीचं टेहळणी विमान बहुतांश पोलादाचं, आणि तेही वेल्डिंगनं जोडलेलं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून ते डोक्यातून गेलंच नाही. ध्वनीच्या पावणेतीन पटीहून जास्त वेगानं जाणाऱ्या विमानाची इंधनाची टाकी माझ्यासारख्याच कुणीतरी शिवली होती! दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात असं एक विमान आहे, ते एकदा डोळ्यांनी बघायचंच होतं. फेब्रुवारीत योग आला. सोबत मामा होते. ते हवाई दलातून निवृत्त झालेले, वय बहात्तर. लोहगावला कॅनबेरा ही जुनी बॉम्बफेकी आणि टेहळणी विमानं होती त्या काळात त्यांनी त्यांच्यावर फिटर म्हणून काम केलंय.

निघण्याआधी एक काम पुण्यातच करा. घोरपडीला राष्ट्रीय युद्ध स्मारकात मिग-२३ बीएन उभं आहे. हे स्मारक लोकवर्गणीतून उभं राहिलं, १५ ऑगस्ट १९९८ ला खुलं झालं. या विमानाचे पंख मागेपुढे होतात: उतरताना १६ अंश, मध्ये ४५, आणि वेगात पार ७२ अंशांपर्यंत मागे. शांतपणे एक चक्कर मारून पंखाचा सांधा बघून घ्या. सोव्हिएत विमानाचा पत्रा, रिव्हेट, झाकणं यांची नजरेला ओळख झाली की पालमला गेल्यावर गोंधळ होत नाही.

आम्ही झेलम एक्स्प्रेसनं गेलो. संध्याकाळी पुणे, मग दौंड, मनमाड, भोपाळ, आग्रा करत दुसऱ्या दिवशी रात्री नवी दिल्ली. मामांना खालचा बर्थ लागतो, म्हणून तिकीट खूप आधी काढलं होतं. डिसेंबर-जानेवारीत जाऊ नका, धुक्यामुळे उत्तरेकडच्या गाड्यांचं काही खरं नसतं. दुसरी गोष्ट, संग्रहालय सोमवार-मंगळवार बंद असतं. मी तीन वर्षांपूर्वी एकटा गेलो तेव्हा नेमका सोमवारी पोचलो होतो आणि फाटकावरून परत आलो होतो. या वेळी बुधवार धरला. वेळ सकाळी दहा ते पाच, तरी निघण्याआधी चौकशी करा, कारण आवार हवाई दलाचं आहे. ओळखपत्र जवळ ठेवा आणि फोटोचं फाटकावरच विचारून घ्या. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘पालम’ सांगू नका, ‘एअर फोर्स म्युझियम’ असं नीट सांगा, नाहीतर तो थेट विमानतळाच्या टर्मिनलवर नेतो.

मिग-२५ बाहेर उघड्यावर आहे. फोटोत आकाराचा अंदाजच येत नाही. साडेएकवीस मीटरच्या आसपास लांब, इंधन भरून उड्डाणाला तयार असताना वजन चाळीस टनांच्या घरात. समोर उभं राहिलं की आधी डोळ्यांत भरतात ती हवा आत घेणारी दोन चौकोनी तोंडं. एवढ्या वेगात हवा तशीच इंजिनात गेली तर इंजिन चालणार नाही. म्हणून तोंडातल्या हलत्या फळ्या धक्कालहरी तयार करून हवेला आधी मंद करतात, आणि मंद होताना ती दाबली जाते. दाबण्याचं निम्मंअधिक काम तोंडातच उरकल्यामुळे आतल्या आर-१५ इंजिनाच्या कॉम्प्रेसरला फक्त पाच टप्पे पुरले. मुळात ते इंजिन वैमानिकाविना उडणाऱ्या, एकदाच वापरायच्या यंत्रासाठी बनवलेलं.

आता माझ्या आवडीचा भाग. या वेगात विमानाच्या नाकावर तापमान ३०० अंशांच्या आसपास जातं. ॲल्युमिनियम तिथे मऊ पडतं. अमेरिकन लोकांनी एसआर-७१ या त्यांच्या वेगवान टेहळणी विमानासाठी टायटेनियम निवडलं आणि त्यात फार सोसलं. कॅडमियमचा मुलामा दिलेल्या पान्यांनी टायटेनियम खराब व्हायचं. उन्हाळ्यात जोडलेले भाग लवकर निकामी व्हायचे, कारण शेवाळ होऊ नये म्हणून गावच्या पाण्यात त्या दिवसांत क्लोरिन जास्त टाकायचे आणि भाग त्याच पाण्यानं धुतले जायचे. हे वाचलं तेव्हा मला आमचाच कारखाना आठवला. क्लोराइडवाल्या पाण्यानं स्टेनलेसची टाकी धुतली की महिन्याभरात पिटिंग, म्हणजे बारीक खड्डे दिसतात, म्हणून आम्ही डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याशिवाय धुवत नाही.

मिग विमानं बनवणाऱ्या सोव्हिएत मिकोयान संस्थेच्या लोकांनी वेगळा रस्ता धरला. सुमारे ८० टक्के निकेलयुक्त पोलाद, ११ टक्के ॲल्युमिनियम, ९ टक्के टायटेनियम. विमानाच्या पोटाचा बराचसा भाग म्हणजे इंधनाच्याच टाक्या, त्यात जवळपास पंधरा टन इंधन. तापून प्रसरण पावणाऱ्या टाकीत रिव्हेटची भोकं गळणारच, म्हणून वेल्डिंग. पोलाद जड, पण ते जोडणारे हात भरपूर होते, आणि जोड तडकला तर तळावरच दुरुस्त करता येतो. दोरीच्या अलीकडून मी पोटाच्या बाजूला रंगाखाली स्पॉट वेल्डच्या, म्हणजे ठिपक्यांसारख्या जोडांच्या, रांगा मोजत होतो. काही ठिकाणी पत्रा किंचित ओढला गेलेला दिसतो. असा ओढ आमच्याकडे आला असता तर ग्राहकानं जॉब परत पाठवला असता. पण हवेचा विरोध जिथे वाढत नाही तिथे घासत बसायचं नाही, हे त्यांनी ठरवून केलं होतं. १९७६ मध्ये एक सोव्हिएत वैमानिक असं विमान घेऊन जपानमध्ये हाकोदातेला उतरला. ते खोलल्यावर त्यातली ओबडधोबड वेल्डिंग पाहून बरेच जण हसले होते. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

नाकाच्या बुडाशी कॅमेऱ्यांच्या खिडक्यांच्या जागा आहेत, त्या वाकून बघा. आपल्याकडे ही विमानं १९८१ मध्ये आली, बरेलीच्या १०२ स्क्वाड्रननं उडवली, नाव ‘गरुड’. २००६ च्या मे महिन्यात निवृत्त झाली. गाठता येणारच नाही एवढं उंच आणि वेगानं जायचं, एवढंच त्यांचं संरक्षण. ते का लागतं, हे मामांनी सांगितलं. १९९९ च्या २१ मे ला कारगिलवर फोटो काढायला गेलेल्या कॅनबेराला क्षेपणास्त्र लागलं होतं आणि वैमानिकानं ते एकाच इंजिनावर श्रीनगरला आणलं.

बाहेर सावली नाही. टोपी आणि पाणी घ्या, मिग सकाळीच उरका आणि दुपारी हँगरमध्ये शिरा. वापिती, स्पिटफायर, तुफानी, मारुत ही जुनी विमानं सगळी तिथे आहेत. निदान तीन तास ठेवा. सोबत म्हातारं माणूस असेल तर घडीचं स्टूल न्या, आम्ही नेलं नव्हतं आणि मामांच्या गुडघ्यांनी ते जाणवून दिलं.

तरी कॅनबेरापाशी आल्यावर मामा बसायला तयार नव्हते. “अरे, हे काडतुसावर सुरू व्हायचं,” म्हणाले. “एका इंजिनाला तीन काडतुसं भरायची. बटण दाबलं की धाड्! आणि काळा धूर. वारा उलटा असला की आमची तोंडं काळी.” मग ते इंजिनाखाली गेले आणि हात न लावता, बोटानं हवेतच दाखवत कुठलं झाकण कुठल्या स्क्रूनं उघडायचं ते मला सांगायला लागले. डाव्या बाजूचं झालं, मग उजव्या. पाच वाजत आले तसा रखवालदार येऊन थांबला. मामांनी त्याला हातानं थोडं थांब म्हटलं आणि शेवटचं झाकण पूर्ण केलं.