थेट विमान असताना वळसा का? तुम्ही विचारलंत म्हणून

"थेट विमान आहे, तिकीटही स्वस्त दिसतंय, मग मधे उतरून दुसऱ्या विमानात का चढायचं?" गेली चौदा वर्षं मी कंपनीच्या प्रवासाचं काम बघते. हा प्रश्न मला लिफ्टमध्ये विचारला गेलाय, मीटिंग संपताना विचारला गेलाय, रजेवर असताना फोनवरही विचारला गेलाय. दर वेळी मी "पॉलिसी आहे" म्हणून मोकळी झाले. ते उत्तर नव्हतं, मलाही ठाऊक होतं. आज नीट सांगते, आणि इतकी वर्षं जे टाळलं तेही सांगते.

तुमच्या स्क्रीनवर एका तिकिटाचा भाव असतो, माझ्यासमोर वर्षभराचा प्रवास असतो. विमान कंपनीशी आमचा करार असा: ठरलेल्या मार्गांवर आमची जी माणसं जातील त्यांतला ठरावीक वाटा तिच्याकडे गेला पाहिजे. बदल्यात भाड्यात सवलत, ऐन वेळी तारीख बदलली तरी दंड नाही, विमान भरलेलं असलं तरी वेटिंगवर आमच्या माणसाला आधी जागा, वर्षाच्या शेवटी थोडा परतावा. तिमाहीत वाटा खाली गेला की सवलतीवर पुन्हा बोलणी सुरू. तुम्ही एकट्याने दुसरीकडचं तिकीट काढलंत तर काही बिघडत नाही. चाळीस जणांनी काढलं की बिघडतं, आणि त्या चाळिसांतल्या प्रत्येकाला आपण एकटेच आहोत असं वाटत असतं.

कामासाठी फिरणाऱ्या माणसाच्या मागे विमान कंपन्या का लागतात, याचं कारण साधं आहे. तो उशिरा ठरवतो, वेळ बदलतो, आणि पैसे दुसरंच कुणीतरी भरतं. त्याला बाकीच्यांतून वेगळं काढायला कितीतरी वर्षं एक अट होती: शनिवारची रात्र तिकडे काढलीत तर परतीचं तिकीट स्वस्त. सुट्टीवर गेलेला माणूस आनंदाने राहतो. कामावर गेलेल्याला शुक्रवारी रात्री घरी यायचं असतं, म्हणून त्याच खुर्चीचे तो जास्त पैसे मोजतो. घरी जायच्या ओढीची किंमत लावणारी ही अट मला पहिल्यांदा समजली तेव्हा राग आला होता. पुढे मीही तेच केलं, ते खाली येईलच.

आणि सगळं माझ्यावर ढकलू नका. तुमच्यातले निम्मे जण थेट विमान मागतात तेव्हा खिशात त्याच कंपनीचं कार्ड असतं. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने माइल्सची, म्हणजे जितकं उडाल तितके पॉइंट आणि त्या पॉइंटवर फुकट तिकीट अशी योजना काढली, काही दिवसांतच युनायटेडने काढली, आणि तेव्हापासून हा खेळ दोन्ही बाजूंनी चालतो: पैसे भरणाऱ्या कंपनीला सवलत, उडणाऱ्या माणसाला पॉइंट. नॉर्वेने तर २००२ साली देशांतर्गत उड्डाणांवर पॉइंट द्यायलाच बंदी केली होती. पॉइंटच्या ओढीने नोकरदार प्रवासी जुन्या, मोठ्या कंपनीला सोडेना, आणि नव्या कंपनीला पाय रोवता येईना, म्हणून. ती बंदी २०१३ पर्यंत टिकली.

खुर्चीचं कौतुकही मला ऐकवू नका. ब्रिटिश एअरवेजने २००० साली बिझनेस क्लासमध्ये सपाट पलंग आणला आणि बाकीच्यांना मागोमाग यावंच लागलं. आता दार लावून घेता येईल अशा खुर्च्या आहेत. पण नुसत्या खुर्चीवर विमान कंपनी चालत नाही. मॅक्सजेट, इऑस आणि सिल्व्हरजेट या तिघींनी विमानभर बिझनेस क्लासच ठेवला होता. डिसेंबर २००७ ते मे २००८ एवढ्या काळात तिन्ही बंद पडल्या. इंधन महागलं होतं हे खरंच, पण त्यांच्याकडे फेऱ्या थोड्या होत्या आणि उतरल्यावर पुढच्या शहरांना नेणाऱ्या विमानांचं जाळं नव्हतं. मीटिंग दोन तास आधी संपली तर दोन तास आधीचं विमान मिळालं पाहिजे. ज्याच्या फेऱ्या जास्त त्याच्याकडे प्रवासी फेऱ्यांच्या प्रमाणाहूनही जास्त जातात, हे या धंद्यात जुनं ज्ञान आहे. त्यामुळे जाळं असलेल्या मोठ्या कंपनीशी करार करण्यात मी चुकले असं मला आजही वाटत नाही.

आता ती गोष्ट.

सहा वर्षांपूर्वी आमचा एक सर्व्हिस इंजिनीअर तीन आठवडे एका प्लान्टवर मशीन बसवत होता. परतताना त्याने थेट विमान मागितलं, करारात नसलेल्या कंपनीचं. तिमाही संपायला चार दिवस होते. त्या मार्गावर वाटा ६५ टक्के हवा होता, आम्ही ६४ वर होतो. मुळात त्या मार्गावर आमची माणसंच थोडी जायची, त्यामुळे एकेक तिकीट मोजलं जायचं. मी त्याला कराराच्या कंपनीचं तिकीट दिलं. मधे एक थांबा, एक तास दहा मिनिटांचा. कागदावर तो सकाळी साडेसहाला पोचत होता, थेट विमानापेक्षा फक्त दीड तास उशिरा.

पहिलं विमान पन्नास मिनिटं उशिरा सुटलं. तो धावत गेला तेव्हा दुसऱ्याचं गेट बंद झालं होतं. पुढचं विमान सकाळचं. रात्र त्याने ट्रान्झिटच्या खुर्च्यांवर काढली. त्या सकाळी आठला त्याच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. तो दुपारी चारला हॉस्पिटलमध्ये पोचला. वडील आयसीयूत होते, शुद्धीवर नव्हते.

ऑपरेशन नीट झालं, वडील बरे झाले. हे वाक्य मी फार वेळा वापरलंय.

त्याच्या मेलमध्ये दोन परिच्छेद होते. पहिल्यात फ्लाइट नंबर, तारीख, वेळ. दुसऱ्यात एवढंच: "बाबांचं ऑपरेशन सकाळी आठला आहे. आत नेण्याआधी भेटता आलं तर बरं होईल." मी साहेबांना सांगितलं, एचआरला सांगितलं, घरी सांगितलं, की घाईत दुसरा परिच्छेद वाचायचा राहिला. राहिला नव्हता. वाचून मी हिशोब केला: साडेसहाला उतरेल, साडेसातला हॉस्पिटल, जमतंय. मला जमायला हवं होतं, म्हणून जमत होतं.

थेट विमानालाही उशीर होऊ शकतो, असं मी नंतर स्वतःला सांगत राहिले. त्या रात्री ते वेळेवर गेलं होतं. मी बघितलं होतं.

परत आल्यावर तो भांडला नाही. त्याच्या खर्चाच्या फॉर्ममध्ये त्या रात्रीचं काहीच लावलेलं नव्हतं, साधा चहासुद्धा नाही. मी विचारलं तर म्हणाला, "राहू द्या, मॅडम." विमान कंपनीने दिलगिरी म्हणून त्याच्या खात्यात माइल्स टाकले. त्यानंतर त्याने कधी कुठलं विमान मागितलं नाही. "द्याल ते चालेल," एवढंच लिहितो.

त्या वेळची मी आजच्या मला विचारते: दुसऱ्याच वर्षी वादळाने विमानतळ बंद पडला, तेव्हा आपली अकरा माणसं सगळ्यांच्या आधी कुणामुळे निघाली? करारामुळेच. हेही खोटं नाही. त्यातल्या एकीची मुलगी आजारी होती, ती वेळेत पोचली. मग कुणाचं कुणाच्या खात्यातून वजा करायचं? मी पुष्कळ वेळा करून बघितलंय. जमत नाही.

पुढचा करार करताना मी एक कलम मागितलं: घरच्या अडचणीमुळे काढलेली तिकिटं वाट्यात मोजायची नाहीत. विमान कंपनीने मान्य केलं, पण मर्यादा घातली. तिमाहीला दहा. तेव्हा थेट विमान हवं असेल तर कारण लिहा, पहिल्याच ओळीत लिहा. या तिमाहीत आठ झालीत. अजून पाच आठवडे आहेत.