प्रश्न वस्तीने ठरवायचे, पण मंजुरी मात्र आधी!

एथिक्स कमिटीचं, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीचं, मंजुरीपत्र अखेर हातात आलं, तरी मधल्या साडेचार महिन्यांची चीड अजून गेलेली नाही. मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत टीबीचे उपचार मधेच का सुटतात, हे तिथल्याच लोकांना सोबत घेऊन शोधायचं आणि त्यावरून कार्यक्रम आखायचा, एवढंच काम होतं. निधी आणि वॉर्डाचं पत्र वेळेत मिळालं. गाडी अडली ती कमिटीत.

कमिटीला अर्जासोबत अंतिम प्रश्नावली हवी होती. आमचे प्रश्न रहिवासी ठरवणार होते. मंजुरीशिवाय वस्तीत बैठक घेता येत नाही आणि बैठक झाल्याशिवाय प्रश्न तयार होत नाहीत. पहिल्यांदा "प्रश्नावली नंतर देऊ" असं लिहिलं, तर अर्ज अपूर्ण म्हणून परत. मग ऑफिसात बसून चाळीस प्रश्न रचले. ते पास झालेही असते, पण मग वस्तीला विचारायला उरलं काय? तो अर्ज आम्हीच मागे घेतला. त्यात एक बैठक कोरमअभावी पुढे गेली. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बैठकीला किमान ५ सदस्य लागतात आणि त्यात संस्थेबाहेरचेही असावे लागतात. तारीख ठरली तरी बैठक होईलच असं धरून चालू नका.

मार्ग निघाला तो दोन टप्प्यांमुळे. पहिल्या अर्जात फक्त चर्चेचे विषय, बैठकांची रूपरेषा, वस्तीचा नकाशा लोकांकडून कसा काढून घेणार आणि सल्लागार गट कसा निवडणार, एवढंच दिलं. सोबत एक वेगळं पान जोडलं: प्रश्न कोण बदलणार, बदलाची नोंद कुठे राहणार, आणि घरातली मारहाण, एचआयव्ही, जागेची कागदपत्रं हे विषय नव्याने मंजुरी घेतल्याशिवाय काढणार नाही. या एका पानाने काम झालं. तयार प्रश्नावली नंतर मंजूर अर्जातली दुरुस्ती म्हणून पाठवली. जोखीम किमान असेल तर दुरुस्तीसाठी जलद छाननीची विनंती कव्हर लेटरमध्येच करा. त्याच २०१७च्या तत्त्वांत समुदायाच्या सहभागाबद्दल लिहिलेलं आहे, त्याचा हवाला पहिल्याच पानावर द्या. आम्ही तो तिसऱ्या खेपेला दिला.

संमतिपत्र लोकांकडून वाचून घ्या. आमच्या मसुद्यात होतं, "आपण या संशोधनातून केव्हाही माघार घेऊ शकता." बायकांनी ते बदलून घेतलं: "मधेच नको वाटलं तर उठून जा, औषध बंद होणार नाही, खात्यातले पैसेही थांबणार नाहीत." पैसे म्हणजे निक्षय पोषणचे, टीबी रुग्णांना आहारासाठी मिळणारी सरकारी मदत, जे नोव्हेंबर २०२४पासून महिन्याला १,००० रुपये झाले. लोकांना खरी भीती तीच होती आणि आमच्या मसुद्यात तिचा उल्लेखही नव्हता.

अंगठा घ्यायचा असेल तर साक्षीदार साक्षर आणि आपल्या टीमबाहेरचा लागतो. सोयीचा म्हणून शेजाऱ्यालाच साक्षीदार करू नका, टीबीची बातमी गल्लीभर होते. साक्षीदार कोण, हे सहभागी व्यक्तीलाच ठरवू द्या.

बैठक पाण्याच्या वेळेला नको, शुक्रवारी दुपारी नको. मे महिन्यात निम्मी घरं गावी गेलेली असतात. कचरा वेचणाऱ्यांचा अर्धा दिवस बुडतो, त्याची भरपाई द्यायलाच हवी. कमिटीला ते आमिष वाटू नये म्हणून बुडालेल्या मजुरीचा हिशोब अर्जातच मांडा, आणि आकडा सल्लागार गटाकडून ठरवून घ्या.

आणि हो, प्रत्येक भाषेतल्या संमतिपत्राच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाका. आमचं मराठी दुसऱ्या आवृत्तीचं आणि हिंदी पहिल्याच आवृत्तीचं राहिलं होतं. तेवढ्यावरून आणखी दोन आठवडे गेले.