कुंकू पुसणारे हात आणि सातबारा

4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने ठराव केला की, पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे आणि जोडवी काढणे या प्रथा आपल्या गावात यापुढे पाळल्या जाणार नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला तेव्हा दोनच दिवस राहिले होते, आणि करोनात ऐन तारुण्यात विधवा झालेल्या बायकांचे दुःख गावोगाव अजून ताजे होते. 17 मे रोजी राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला, पण त्यामागोमाग एक शंकाही आली. परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, हे तर खरेच. शिवाय बाईच्या कपाळाकडे जाणारा हात बहुतेक वेळा दुसऱ्या बाईचा असतो, आणि तो ग्रामसभेत हजर असतोच असे नाही.

हे विधी ज्यांनी पाहिले आहेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल. घरातली किंवा भावकीतली एखादी वयस्कर विधवा पुढे होते, इतर बायका गोल करून बसतात, आणि जिच्यावर आभाळ कोसळले आहे तिला काहीही न विचारता तिच्या अंगावरचे एकेक लेणे उतरवले जाते. त्या वयस्कर बाईला दुष्ट म्हणणे सोपे आहे, परंतु तिच्याही बाबतीत कोणीतरी हेच केलेले असते, आणि आपण हे केले नाही तर घरावर आणखी काही ओढवेल, ही तिची भीती खरी असते. माझी एक चुलत मावशी पस्तिशीच्या आत विधवा झाली. पुष्कळ वर्षांनी त्या दिवसाविषयी बोलताना ती एवढेच म्हणाली, "बांगड्यांचं काही नव्हतं गं, मला रडायला तरी एकटं सोडायचं होतं." या वाक्याने माझा एक गैरसमज दूर केला. तोवर मला वाटत होते की प्रश्न दागिन्यांचा आहे. मावशीला मात्र आपल्या देहावरचा आणि आपल्या शोकावरचा ताबा दुसऱ्यांनी घेतल्याचे शल्य होते.

महाराष्ट्रात या प्रश्नावर उघडपणे बोलणे नवे नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली, ती सुरतेच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला आपल्या तान्ह्या मुलाच्या हत्येबद्दल झालेल्या शिक्षेनंतर उठलेल्या गदारोळाने संतापून. बायको मेल्यावर पुरुष दाढीमिशा भादरून अरण्यात का जाऊन राहत नाहीत, असा त्यांचा रोकडा सवाल होता. अनेक जातींमध्ये पाटाची, म्हणजे विधवेच्या पुनर्विवाहाची, चाल पूर्वापार होती. घराण्याची प्रतिष्ठा वाढली की पहिल्यांदा ती बंद होई, आणि ताराबाईंच्या मराठा समाजातही वरच्या घराण्यांत हेच चालले होते. प्रतिष्ठेची किंमत घरातल्या बाईकडून वसूल करण्याची ही रीत आजही पुरती गेलेली नाही, असे मला वाटते. 1890 साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा भरवली आणि विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले, ही घटना मला आपल्या सामाजिक इतिहासातली फार मोठी वाटते, कारण ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. हेरवाडनंतर आपल्याला नेमके हेच हवे आहे, फक्त या वेळी तो निर्णय घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी घ्यायचा आहे.

आणि स्वतः त्या बाईने काय करायचे? इथे मला पार्वतीबाई आठवले आठवतात. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी बाया कर्वे यांच्या त्या बहीण. तरुणपणीच विधवा झाल्या, केशवपनही झाले, पुढे कर्व्यांनी विधवांसाठी काढलेल्या हिंगण्याच्या आश्रमाच्या कामात त्या पडल्या आणि संस्थेसाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरल्या. चाळिशी उलटल्यावर त्यांनी आपण होऊन केशवपन थांबवले आणि केस वाढवले. पुढे जेमतेम इंग्रजीच्या बळावर त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी काम करून राहिल्या. मला या चरित्रात अमेरिकेइतकेच केसांचे महत्त्व वाटते. त्यांना पुन्हा लग्न करायचे नव्हते, कोणाची सुवासिनी व्हायचे नव्हते. तरीही डोक्यावरचे केस आपले आहेत, हे त्यांनी आपल्यापुरते ठरवून टाकले. बाईपणाला नवऱ्याचे असणे-नसणे लागत नाही, याचा इतका साधा पुरावा दुसरा कुठे सापडेल?

म्हणूनच हल्ली संक्रांतीच्या सुमारास होणारी 'विधवांसाठीची' वेगळी हळदीकुंकवे मला थोडी खटकतात. आयोजकांचा हेतू चांगला असतो, आणि इतक्या वर्षांनी कोणी वाण हातात ठेवल्यावर डोळे भरून आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यामुळे त्यांना नावे ठेवायचे धाडस मी करणार नाही. परंतु वेगळी पंगत ही शेवटी वेगळीच पंगत. त्यापेक्षा शेजारणीला दरवर्षीच्याच हळदीकुंकवाला, सगळ्यांबरोबर, तेच वाण देऊन बोलवावे. आणि तिने कुंकू नको म्हटले तर तेही निमूट ऐकावे. कुंकू पुसण्याची सक्ती जशी वाईट, तशी पुरोगामीपणा सिद्ध करण्यासाठी लावण्याची सक्तीही नको.

या साऱ्या चर्चेत एक गोष्ट मागे पडते, ती म्हणजे जमीन. 1856 च्या विधवा पुनर्विवाह कायद्याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, पण पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरचा हक्क त्याच कायद्याने काढून घेतला होता, हे क्वचितच सांगितले जाते. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार विधवा ही मुलगे, मुली आणि सासू यांच्या बरोबरीने पहिल्या वर्गातील वारस आहे. तरीही दिवसकार्य उरकते न उरकते तोच कोणीतरी हक्कसोडपत्राचा कागद घेऊन येतो, आणि ज्या बाईला नुकतेच 'तुझे आता काय राहिले' असे विधिपूर्वक पटवून दिलेले असते, ती सही करून मोकळी होते. कुंकू पुसणे आणि सही घेणे यांतले हे नाते गावात सगळ्यांना ठाऊक असते. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या नेतृत्वाखाली 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम चालवून पुरुषांना आपली थोडी जमीन पत्नीच्या नावे करायला लावली होती. ते काम गावोगाव पुढे चालू राहिले असते, तर आज पुष्कळ जणींच्या घरात त्यांचा शब्द चालला असता.

माझ्या ओळखीच्या बायकांना मी आता दोनच गोष्टी सांगते. सुतकात कशावरही सही करू नका, आणि तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज देऊन त्याची पोच जपून ठेवा. हेरवाडच्या ठरावाची नक्कल करणाऱ्या गावांनी ती नक्कल थोडी लांबवायला हरकत नाही. बांगड्यांच्या कलमाखाली सातबाऱ्याचेही एक कलम घालावे, आणि त्याची नोंद वेळेत झाली की नाही हे पुढच्या ग्रामसभेत नाव घेऊन विचारावे.