बंदोबस्तातील चालक

सोलापुरात आपला नोकरी-धंदा सांभाळून पोलिसांच्या मदतीला जायचे असेल, तर त्याचा रीतसर मार्ग म्हणजे गृहरक्षक दल, म्हणजे आपले होमगार्ड. डिसेंबर १९४६ मध्ये, दंगलींच्या काळात, मुंबई प्रांतात हे दल उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी त्याचा कायदा झाला. त्या कायद्यानुसार कामगिरीवर बोलावलेल्या जवानाला तेवढ्या काळापुरते पोलिसांसारखेच अधिकार आणि संरक्षण मिळते. कामगिरी संपली की तो पुन्हा आपल्या धंद्याला मोकळा. माझा धंदा अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरी आणि टॉवेलचे गठ्ठे वाहण्याचा आहे. त्यामुळे बंदोबस्तात माझ्या हाती काठीपेक्षा गाडीची किल्लीच अधिक वेळा येते.

पोलिसांची गाडी म्हटली की लोकांना सायरन आणि वेग आठवतो. या कामात वेगाचा प्रसंग फार क्वचित येतो. खरी परीक्षा असते ती गाडी उभी कुठे आणि कशी करायची याची. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सातही नंदीध्वज निघतात. पहिल्या दिवशी शहराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो आणि त्यानंतर होम मैदानावर होमविधी. पांढऱ्या बाराबंदीतल्या भक्तांनी रस्ता एकदा भरला की गाडी वळवण्याचा विचारही करता येत नाही. म्हणून गर्दी जमण्यापूर्वीच गाडी मागे घेऊन, तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून लावायची, पुढ्यात एखादा हातगाडा किंवा दुचाकी येऊ द्यायची नाही आणि चहासाठीसुद्धा गाडीपासून लांब जायचे नाही. कोणाला भोवळ आली, एखादे मूल हरवले किंवा कुठे बाचाबाची झाली, तर अधिकारी प्रथम गाडीकडे पाहतात, आणि त्या क्षणी चालक जागेवर नसेल तर गाडी असून नसल्यासारखीच.

गर्दीतून निघताना हॉर्नचा उपयोग जवळजवळ होत नाही. ढोल-ताशात तो ऐकूच येत नाही, आणि ऐकू आला तर माणसे दचकून नेमकी गाडीसमोर येतात. त्यापेक्षा पुढे एक शिपाई चालत ठेवावा, त्याने हाताने वाट करावी आणि आपण त्याच्या पावलाच्या गतीने जावे. मागे माणूस उभा केल्याशिवाय रिव्हर्स घ्यायचा नाही, हा नियम टेम्पोच्या धंद्यातही आहे. मात्र तिथे तो न पाळल्यास गठ्ठे पडतात, इथे चाकाखाली लेकरू येऊ शकते.

आषाढीला पंढरपूरला जावे लागते तेव्हा कामाची तऱ्हा बदलते. तिथे गाडी हलण्यापेक्षा उभीच जास्त असते आणि झोप सीटवरच होते. तरीही निघण्यापूर्वी टायर, ब्रेक आणि डिझेल पाहणे व प्रत्येक फेरीचे किलोमीटर लॉगबुकात लिहून सही घेणे चुकत नाही. नव्या मुलांना हे लिहिणे कटकटीचे वाटते, पण पुढे काही प्रश्न निघालाच तर चालकाच्या बाजूने तेवढाच कागद बोलतो.

कर्तव्य भत्ता २०२४ मध्ये दिवसाला ५७० रुपयांवरून १०८३ रुपये झाला, आणि माझ्या मते ती वाढ फार उशिरा आली, कारण मानसेवी माणसाचाही त्या दिवसाचा रोजगार बुडतोच. नाव नोंदवू इच्छिणाऱ्यांनी आपला परवाना चालू आहे ना, हे आधी पाहावे आणि जानेवारीत व आषाढात मालक सुटी देईल का, हे त्याला आताच विचारून ठेवावे.