दिवाडी बेट: एका धक्क्याने चढा, दुसऱ्याने उतरा

जुन्या गोव्यात मोठी चर्च बघून बहुतेक मंडळी पणजीकडे वळतात. तसं न करता व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ मांडवीवर या. फेरीबोट पाच-सात मिनिटांत दिवाडीला सोडते. बेटाला पूल नाही. कोकण रेल्वे बेटावरून धडधडत जाते खरी, पण थांबत नाही. रेल्वेने येणाऱ्यांनी करमळीला उतरावं आणि स्कूटर भाड्याने घ्यावी. बेटावर रिक्षाच्या भरवशावर राहू नये.

धक्क्यापासून रस्ता खाजनातून, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या पाणथळ शेतजमिनीतून जातो. दोन्ही बाजूंना पाणी, बगळे, बांधावर कांदळवन. मग चढ लागतो आणि टेकडीवर पिएदादचं पांढरंशुभ्र चर्च. ते बरेचदा बंद असतं, म्हणून आतून बघायचं असेल तर रविवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी जा. गुडघे-खांदे झाकलेले हवेत, आणि प्रार्थना चालू असताना फोटो नकोत. बंद मिळालं तरी टेकडी वाया जात नाही: अंगणातून नदीपलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात. बाजूच्या दफनभूमीतलं छोटं चॅपेल मात्र चुकवू नका. जुन्या देवळाचा भाग त्यात उरला आहे असं सांगतात. छतावरची नक्षी मान वर करून निवांत बघावी. इथला गणपती पोर्तुगीज काळात नदीपार नेला, तो आज खांडोळ्याला आहे.

माझं मत विचाराल तर आल्या वाटेने परतू नका. बेटाच्या दुसऱ्या टोकाला नारोआची फेरी आहे. गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटीश्वर मूळचं इथलंच. देऊळ पाडलं गेल्यावर लिंग पलीकडे डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला गेलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. दारावर तसा शिलालेख आहे. चर्च आणि हे देऊळ एकाच दिवशी बघितलं तरच दिवाडी नीट उलगडते.

दुपारी दुकानं बंद असतात, तेव्हा पाणी आणि खाणं जुन्या गोव्यातूनच घ्या. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरामचा उत्सव असतो. रंगीत मिरवणूक बघायची असेल तर गाडी अलीकडेच ठेवून पायी फेरीत चढा. शांतता हवी असेल तर तो दिवस टाळा. आणि शेवटच्या फेरीची वेळ जातानाच धक्क्यावर विचारून घ्या.