हशासाठी सोडलेली जागा

शुक्रवार, रात्री पावणेबारा

आत्ताच सभागृहाला कुलूप लावून आलो. पायांचे तुकडे पडलेत, पण झोप येईलसं वाटत नाही.

'अ नाइट अ‍ॅट दि ऑपेरा' लावायचं फिल्म क्लबात मीच रेटलं होतं. १९३५ चा, कृष्णधवल, ग्राउचो, चिको आणि हार्पो या मार्क्स बंधूंचा विनोदपट. मंगळवारी खोलीत एकट्यानं लॅपटॉपवर पुन्हा पाहिला आणि पोटात गोळा आला. विनोद एकाहून एक, पण प्रत्येकानंतर मंडळी थबकतात. ग्राउचो भुवया उडवून नुसता बघत राहतो. माझं लक्ष घड्याळाकडे.

कारण ठाऊक होतं. चित्रीकरणाआधी निर्माता अर्व्हिंग थॅलबर्गनं या भावांना यातले प्रवेश घेऊन रंगमंचावर दौऱ्याला पाठवलं होतं. हशा कुठे येतो, किती टिकतो, हे खऱ्या प्रेक्षकांसमोर जोखून चित्रपटात तेवढी जागा सोडली. ठाऊक असूनही मंगळवारी ते रटाळच वाटलं, खोटं कशाला बोलू.

आज सुरुवातीलाच घोळ. प्रोजेक्टरनं चित्र ताणून पडदाभर केलं. यातली नटी मार्गारेट ड्युमाँट मुळातच भारदस्त, ती तर कपाटाएवढी झाली. थांबवलं, रुंदी-उंचीच्या मूळ प्रमाणावर, १.३७ : १ वर आणलं. "दोन्ही बाजूंना काळं का?" मागून आवाज. म्हटलं, "त्यांनी तेवढंच काढलंय."

मग तो जहाजावरच्या खोलीचा प्रसंग. खोली कसली, खोकंच. ग्राउचो दारात उभा राहून जेवण मागवतोय, आतून चिको दर वेळी दोन उकडलेली अंडी वाढवतोय, लगेच हार्पोचा भोंगा वाजतो आणि दोनाची तीन होतात. पुढे इंजिनिअर, नखं करणारी, फरशी पुसणारी, आंटीला शोधत आलेली मुलगी, ट्रे घेतलेले वेटर, सगळे आत. मी पडद्याकडे पाठ करून मुलांकडे बघत होतो. हशा उसळायचा, ओसरायला लागायचा, आणि नेमकं तेव्हाच पुढचं वाक्य यायचं. एकही शब्द बुडाला नाही. ड्युमाँट दार उघडते आणि सगळे बाहेर कोसळतात, तेव्हा तर खुर्च्या हलल्या.

प्रेमगीतांना मात्र रांगेरांगेत मोबाइल उजळले. तिथे मी कुणाला दोष देणार नाही.

एक जागा रिकामी गेली. करारपत्राची एकेक पट्टी फाडत जातात तिथवर सगळे हसत होते. पण शेवटच्या 'सॅनिटी क्लॉज'वर, म्हणजे सही करणारा शुद्धीवर नसेल तर करार रद्द या कलमावर, चिकोनं सांता क्लॉजची कोटी केली आणि सभागृह चिडीचूप. सबटायटल वाचूनही कुणाला ती लागली नाही. पडद्यावरचे दोघं आपले थांबलेले. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून निवृत्त झालेले एक सर एकटेच खो खो हसले.

मग सगळे त्यांच्या हसण्याला हसले, आणि पुढची दोन वाक्यं कुणालाच ऐकू आली नाहीत.