यांगचौची फसवणूक, वूशीचा आबिंग: चीनमध्ये वाद्यं ऐकायला-शिकायला जाणाऱ्यांसाठी

यांगचौच्या पर्यटकी पेठेत 'गुचिनचे महागुरू' अशी पाटी दिसली तर आत पाऊल टाकू नका (गुचिन म्हणजे आडवं ठेवून बोटांनी छेडायचं चिनी तंतुवाद्य). घाईत असाल तर एवढंच वाचलंत तरी पुरे.

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याच तबकडीवर ग्वान फिंगहू यांनी गुचिनवर वाजवलेलं 'ल्यू श्वेइ' आहे, साडेसात मिनिटांचं. गुचिनला सात तारा असतात, पडदे नसतात, कडेनं सुरांच्या जागा दाखवणाऱ्या तेरा टिकल्या. डाव्या हाताची मींड अशी की सतार शिकणारा माणूस ऐकून स्वस्थ बसूच शकत नाही. म्हणून आम्ही दोघं निघालो.

यांगचौ निवडलं ते गुचिनच्या ग्वांगलिंग घराण्यासाठी. छिंग राजवटीच्या सुरुवातीपासूनची ही परंपरा, चांग त्झछ्येन (१८९९–१९९१) यांच्यासारखे वादक तिच्यातले. रेल्वेचं पूर्व स्थानक २०२० चं, नवंकोरं, पण जुन्या शहरापासून लांब. टॅक्सीचे पैसे धरून चला.

आता ती पाटी. एका तासाच्या शिकवणीचे माणशी ३०० युआन ठरले होते. गुरुजींनी उदबत्ती लावली, स्पीकर लावून अर्धी रचना वाजवली आणि उठून गेले. गुचिनचा आवाज मुळात इतका लहान की तो चार माणसांच्या खोलीत ऐकायचा, तिथे स्पीकर लागला तेव्हाच माझं मन उडालं होतं. पुढे एका पोरसवदा मदतनिसानं आमची बोटं तारांवर ठेवली, फोटो काढले, आणि विक्री सुरू झाली. 'चारशे वर्षांपूर्वीच्या देवळाच्या तुळईचं' वाद्य, २८,००० युआन. नाही म्हटल्यावर बिल आलं ११६०: शिकवणीचे ६००, चहाचे ३८०, 'वाद्यवापराचे' १८०. चहा आम्ही मागितलाच नव्हता. मोबाइलमधल्या भाषांतरावर पाऊण तास हुज्जत घातली तेव्हा वाद्यवापर गेला आणि चहा निम्म्यावर आला. पैशांपेक्षा संताप याचा, की त्या वाद्याच्या नावाखाली हे चालतं.

तेव्हा आधी विचारा: तुमचे गुरू कोण, त्यांचे गुरू कोण? आपल्याकडे ख्यालगायक जसा घराणं सांगितल्याशिवाय पुढे जात नाही, तसाच खरा गुचिनवादक. 'प्राचीन परंपरा' एवढंच उत्तर आलं तर उठा. मग स्वरलिपी समोर ठेवायला सांगा. गुचिनच्या लिपीत कुठली तार, कुठलं बोट, कुठली जागा हे असतं, लय मात्र लिहिलेली नसते. ती गुरूकडून येते किंवा वादक स्वतः शोधतो. लय कुठून घेतली हे ज्याला सांगता येत नाही, तो वाजवून दाखवेल, पण शिकवणार नाही. वाद्य विकत घेणार असाल तर नाक जवळ न्या. चांगल्या गुचिनवर नैसर्गिक लाखेत हरणाच्या शिंगाची पूड मिसळून थर देतात, ते वाळायला महिनोन्महिने लागतात. रंगाच्या दुकानासारखा वास आला तर ठेवून द्या. चहा, वाद्य, फोटो, सगळ्याचा दर आधी लिहून घ्या.

सूचौ छान आहे, बागा सुंदर, तिथे काहीच अडचण येत नाही.

वूशी मात्र चुकवू नका. आबिंगचं जुनं घर शहराच्या मधोमध आहे. आबिंग म्हणजे ह्वा यान्च्युन, ताओपंथी देवळात वाढलेला, पुढे अंध झालेला, रस्त्यावर अर्हू (दोन तारांचं, गजानं वाजवायचं वाद्य) आणि पीपा (छेडून वाजवायचं तंतुवाद्य) वाजवून पोट भरणारा. १९५० च्या उन्हाळ्यात यांग यिनल्यू आणि त्साओ आन्ह या संगीत-अभ्यासकांनी त्याचं वादन धातूच्या तारेवर आवाज टिपणाऱ्या यंत्रानं मुद्रित केलं. सहा रचना, तीन अर्हूच्या, तीन पीपाच्या. डिसेंबरात तो गेला. एवढ्या सहा रचना आहेत, आणि आज चीनमध्ये अर्हू शिकणारा कुणीही त्यांतली 'अर-छ्वान यिंग-य्वे' ('दुसऱ्या झऱ्यातलं चंद्राचं प्रतिबिंब') टाळून पुढे जाऊ शकत नाही. हेडफोन घेऊन जा, ते मूळ मुद्रण त्या घरात उभं राहून ऐका, आणि मग हुइशान डोंगराच्या पायथ्याशी, रचनेच्या नावातल्या त्या झऱ्यापाशी जा. मी दोन्ही ठिकाणी रडलो. यांगचौचा सगळा राग तिथे उतरला, त्यामुळे वूशीबद्दल मी जरा जास्तच बोलतोय असं वाटलं तरी चालेल.

शिकायचं असेल तर शांघाय. फेनयांग रस्त्यावर संगीत महाविद्यालय आहे, आसपास वाद्यांची दुकानं. तिथल्या विद्यार्थ्यांशी बोला, विद्यार्थ्यांमार्फतच शिक्षक मिळतात. आम्हाला एका निवृत्त बाई मिळाल्या, साध्या सदनिकेत राहणाऱ्या. पूर्ण तास त्यांनी मला उजव्या हाताचे दोनच आघात करायला लावले, आत ओढायचा आणि बाहेर उडवायचा. चहा दिला तो फुकट. उजव्या हाताची नखं थोडी वाढवून जा, डाव्याची बारीक ठेवा. सतारीचा मिजराब इथे कामाचा नाही.

अर्हू घेणार असाल तर लक्षात ठेवा, त्याच्यावर अजगराचं कातडं असतं. पाळीव अजगराचं असल्याचा सरकारी दाखला दुकानदाराकडून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि अजगराबाबत भारतातले नियम कडक असल्यामुळे आपल्या सीमाशुल्क खात्याकडे निघण्याआधीच चौकशी करा. १ ऑक्टोबरच्या आठवड्यात तर जाऊच नका, सगळा चीन प्रवासाला निघालेला असतो.